घरीं बांधलेला टीव्ही-रेकॉर्डर

दूरचित्रवाणी अमेरिकेंत घरोघर आली तेव्हां तिनें आपल्याबरोबर एक घड्याळहि आणलें. रात्रीं आठ वाजतां जें नाटक दाखवावयाचें असें कचेरींत ठरे, तें बरोबर आठ वाजतां त्या पेटीसमोर बसणारालाच दिसे. मूल रडूं लागलें, पाहुणा दारांत उभा राहिला, किंवा कारखान्यांत रात्रपाळी लागली, तर तें नाटक त्या माणसापुरतें झालेंच नाहीं असें समजावयाचें. ग्रंथ वाटेल तेव्हां उघडतां येतो, वर्तमानपत्र उशाशीं ठेवून दुसऱ्या दिवशीं वाचतां येतें. पण ह्या नव्या करमणुकींत वेळेचा धनी पाहणारा नसून दाखविणारा होता. हें धनीपण कोणाकडे असावें, ह्या प्रश्नावर त्या देशांत पुढें अनेक वर्षें जो झगडा चालला, त्याचा सर्वांत चमत्कारिक अंक साध्या घरगुती संगणकाच्या पेटींत घडला.

गंमत अशी कीं, ह्या घड्याळाचा जाच प्रथम जाणवला तो खुद्द दाखविणारांना. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचें अंतर आहे. न्यूयॉर्कला तिन्हीसांजेला सांगितलेल्या बातम्या कॅलिफोर्नियांत भर दुपारीं पोंचत. ही अडचण दूर करणारें यंत्र अँपेक्स कंपनीनें चार्ल्स गिन्सबर्ग ह्यांच्या देखरेखीखालीं सिद्ध केलें, व १९५६ च्या एप्रिलमध्यें शिकागो येथें तें प्रथम लोकांपुढें आणलें. दोन इंच रुंदीच्या फितीवर चित्र उमटविणारें हें धूड कपाटाएवढें असून त्याची किंमत ४५ ते ५० हजार डॉलरच्या घरांत होती. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबर रोजीं सीबीएस ह्या संस्थेनें न्यूयॉर्कहून आलेल्या बातम्या हॉलिवूडमध्यें फितीवर टिपून घेतल्या आणि तीन तासांनीं पश्चिमेकडील प्रेक्षकांस दाखविल्या. कार्यक्रम एका वेळीं घ्यावयाचा व दुसऱ्या वेळीं पाहावयाचा, ही क्लृप्ति अशी मूळ दाखविणारांचीच आहे. गृहस्थानें तीच केली तेव्हां मात्र तिला चोरी म्हणणारे लोक निघाले.

तो दिवस येण्यास सुमारें वीस वर्षें लागलीं. १९७५ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें बीटामॅक्स नांवाचा घरगुती रेकॉर्डर विक्रीस काढला. एका फितींत एक तासाचा कार्यक्रम मावे. पुढल्याच वर्षीं युनिव्हर्सल आणि डिस्ने ह्या चित्रपटसंस्थांनीं लॉस एंजलिसच्या न्यायालयांत फिर्याद गुदरली. प्रतिवादींत सोनी होती, दुकानदार होते, आणि नमुन्यादाखल एक साधा गृहस्थहि होता. त्या गृहस्थाकडून कांहींच मागावयाचें नव्हतें. घरीं बसून कार्यक्रम टिपून घेणें हेंच मुळीं बेकायदा ठरावें, एवढ्यासाठीं तो हवा होता. १९७९ सालीं सोनी जिंकली. १९८१ सालीं वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. आणि सर्वोच्च न्यायालयाला तर हें प्रकरण इतकें जड गेलें कीं, १९८३ च्या जानेवारींत एकदां व ऑक्टोबरांत पुनः एकदां असे दोन वेळां युक्तिवाद ऐकावे लागले. १७ जानेवारी १९८४ रोजीं निकाल लागला तेव्हां पांच न्यायमूर्ति सोनीच्या बाजूस व चार विरुद्ध होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति स्टीव्हन्स ह्यांनीं लिहिला, व त्यांत त्यांनीं फ्रेड रॉजर्स ह्यांच्या साक्षीचा आवर्जून उल्लेख केला. हे लहान मुलांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रधार. आपला कार्यक्रम आईबापांनीं सवडीच्या वेळीं मुलांबरोबर बसून पाहिला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं, असें त्यांनीं सांगितलें होतें. मागाहून पाहण्यासाठीं कार्यक्रम टिपून ठेवणें हा रास्त उपयोग होय, असें त्या दिवशीं ठरलें. एका मताच्या फरकानें मिळालेलें हें स्वातंत्र्य पुढील सर्व हकीगतीचा पाया आहे.

फितीचें युग येथें सोडून देण्यास हरकत नाहीं. १९९९ सालीं जिम बार्टन व माइक रॅम्से ह्या दोघांच्या कंपनीनें टीव्हो नांवाची पेटी बाजारांत आणली. हिच्यांत फीत नव्हती. संगणकांत असते तशी हार्ड डिस्क होती. पहिल्या स्वस्त नमुन्यांत १४ तासांचे कार्यक्रम राहत, किंमत सुमारें ५०० डॉलर. शिवाय कार्यक्रमांचें वेळापत्रक पुरविण्याबद्दल महिन्याला दहा डॉलरची वर्गणी. ही पेटी टेलिफोनच्या तारेवरून वेळापत्रक मागवी आणि नांवावरून कार्यक्रम शोधून टिपून ठेवी. चालू कार्यक्रमहि मध्येंच थांबवितां येई. ह्याचें रहस्य असें कीं, पेटी एकीकडे लिहीत असे व दुसरीकडे तेंच वाचीत असे. रहाटगाडग्याचीं पोहरीं जशीं एका बाजूनें भरतात व दुसऱ्या बाजूनें रितीं होतात, तसाच हा प्रकार.

जिज्ञासू लोकांनीं पेटीचे स्क्रू काढले तेव्हां आंत एक संगणकच निघाला, आणि तो लिनक्सवर चालत होता. लिनक्स ही संगणकाची प्रणाली सर्वांस खुली. तिचें लिखाण कोणीहि वाचावें, बदलावें व वापरावें. पहिल्या पेट्यांत लोकांनीं मोठ्या डिस्का बसविल्या. पुढील नमुन्यांत मात्र कंपनीनें अशी तजवीज केली कीं, बदललेलें लिखाण घातल्यास यंत्रानें तें चालवूंच नये. खुल्या लिखाणावर उभें राहिलेलें यंत्र त्याच लिखाणाला दार बंद करूं लागलें! (ह्या युक्तीवर रिचर्ड स्टॉलमन व त्यांचे सहकारी इतके चिडले कीं, २००७ सालीं त्यांनीं आपल्या सुप्रसिद्ध परवान्याची तिसरी आवृत्ति काढतांना तिला आळा घालणारें कलमच घातलें.) रिप्लेटीव्ही ह्या दुसऱ्या पेटीची कथा याहून विदारक आहे. ती जाहिराती आपोआप वगळी, म्हणून २००१ सालीं मोठमोठ्या चित्रवाणी व चित्रपट संस्थांनीं तिच्या कंपनीवर दावा लावला. गिऱ्हाइकें घरांत काय टिपतात व काय वगळतात ह्याची नोंद करून ती आमच्या स्वाधीन करा, असा हुकूमहि त्यांनीं २००२ मध्यें मिळविला. वरच्या न्यायाधीशानें महिन्याभरांतच तो रद्द केला. परंतु कंपनीचें दिवाळें पुढल्या वर्षीं वाजलेंच. विकत घेतलेली पेटी घरांत असली तरी तिची दोरी दुसऱ्याच्या हातांत असते, हें पुष्कळांस तेव्हां प्रथम कळून आलें.

मग पेटी घरींच कां बांधूं नये? हा विचार दिसतो तितका सोपा नव्हता. अमेरिकेंत त्या वेळीं घरोघर येणारें टीव्हीचें चित्र जुन्या, अनॅलॉग पद्धतीचें होतें. संगणकांत कार्ड बसवून त्या चित्राचे आंकडे करतां येत; ब्रूकट्री कंपनीची बीटी ८४८ ही चकती असलेलीं स्वस्त कार्डें ह्या कामासाठीं सर्वत्र मिळत. अडचण पुढें होती. एका चित्रांत ७२० गुणिलें ४८० ठिपके, दर ठिपक्यास दोन बाइट, आणि सेकंदाला सुमारें तीस चित्रें, असा हिशेब केला तर सेकंदास दोन कोटींहून अधिक बाइट होतात. म्हणजे एका तासाच्या कार्यक्रमाला सुमारें ७५ गिगाबाइट! त्या काळच्या घरगुती डिस्का ८० किंवा १२० गिगाबाइटच्या. म्हणजे एक संध्याकाळ पाहण्यासाठीं एक अख्खी डिस्क खर्चीं पडावी. तेव्हां चित्र येतां येतांच दाबून लहान करणें प्राप्त होतें, आणि तें काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकलें तर तो बिचारा धापा टाकूं लागे. थोडा थकला कीं चित्र अडखळे. हौप्पॉज कंपनीचें पीव्हीआर-२५० हें कार्ड आलें तेव्हां हा बोजा उतरला, कारण दाबण्याचें काम करणारी स्वतंत्र चकती त्या कार्डावरच होती. आतां तासाला दोन सव्वादोन गिगाबाइट पुरूं लागले व मुख्य प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहिला. हें कार्ड लिनक्सखालीं चालावें यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर कंपनीबाहेरच्या हौशी मंडळींनीं लिहून काढलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

जर्मनींतील हौशी लोकांना ही यातायात पडली नाहीं. तेथें उपग्रहावरून येणारें चित्र आधींच आंकड्यांच्या रूपांत व आधींच दाबलेलें असे. संगणकानें तें जसें आलें तसें डिस्कवर उतरून घेतलें कीं काम झालें. शिवाय कार्यक्रमांचें वेळापत्रकहि त्याच लहरींबरोबर येई. म्हणून क्लाउस श्मिडिंगर ह्यांनीं २००० सालीं लिहिलेला व्हीडीआर हा रेकॉर्डर अमेरिकन प्रयत्नांच्या आधीं पूर्णत्वास पोंचला आणि अगदीं साध्या संगणकावर निमूटपणें चालला.

अमेरिकेंतील खटाटोपाला आकार दिला तो आयझॅक रिचर्ड्स ह्या प्रोग्रॅमरनें. २००२ च्या एप्रिलमध्यें त्यानें जें काम आरंभिलें, त्याचें कारण मोठें तात्त्विक नव्हतें. केबल कंपनीनें दिलेली पेटी मंद होती, मधूनच आपल्या मनानें चॅनेल बदली, आणि कार्यक्रमांची यादी उघडली तर पडदा जाहिरातींनीं इतका भरलेला असे कीं, खऱ्या मजकुराला मध्यें तीन ओळींची जागा उरे. हिच्याहून बरी पेटी आपणच करून पाहावी, एवढाच त्याचा हेतु. त्यानें तिला मिथटीव्ही असें नांव दिलें. टीव्ही, संगणक, संगीत व छायाचित्रें ह्या सर्वांना एकत्र आणणारी पेटी लवकरच निघणार, असें व्यापारी लोक वर्षानुवर्षें सांगत व ती कांहीं निघत नसे. त्या दंतकथेंतल्या पेटीवरून हें थट्टेचें नांव पडलें. लिखाण खुलें ठेवल्यामुळें थोड्याच काळांत दूरदूरचे लोक त्यांत भर घालूं लागले. टिपणारा संगणक एक व दाखविणारे संगणक अनेक, अशी त्याची रचना असल्यानें माळ्यावरच्या खोलींत आवाज करणारी पेटी ठेवावी आणि बैठकींत निःशब्दपणें कार्यक्रम पाहावा, अशी सोय झाली. जाहिराती ओळखण्याची त्याची रीत मोठी गमतीची होती: जाहिरातीच्या आधीं व नंतर क्षणभर पडदा काळा होतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यांतलें संस्थेचें बोधचिन्ह जाहिरात चालू असतां नाहींसें होतें, ह्या दोन खुणांवरून संगणक तर्क बांधी. तर्क कधीं चुके, आणि मग कथेंतला ऐन मोक्याचा प्रसंगच गाळला जाई.

आणि ज्याच्या घरीं केबल होती, त्याला आणखी एक द्राविडी प्राणायाम करावा लागे. केबलच्या पेटीचें चॅनेल संगणकानें बदलावें कसें? तर त्या पेटीच्या तोंडावर जेथें रिमोटचा किरण शिरतो, तेथें एक इवलासा अवरक्त दिवा चिकटवावयाचा आणि संगणकानें तो लुकलुकवून पेटीला फसवावयाचें. झाडतांना पुसतांना दिवा निसटला कीं रात्रभर भलत्याच चॅनेलचे कार्यक्रम टिपले जात. ह्या यंत्राची खरी परीक्षा बांधणारापाशीं होत नसे. घरांतल्या इतर मंडळींनीं तें कुरकुर न करतां वापरावें, तेथें होत असे. त्या परीक्षेंत पुष्कळ पेट्या नापास झाल्या.

सर्वांत नाजूक भाग मात्र तारांत नव्हता, चकत्यांत नव्हता. तो होता वेळापत्रकांत. उद्यां कोणत्या चॅनेलवर काय आहे हें कळल्याविना सर्वांत हुशार रेकॉर्डरहि आंधळा. अमेरिकेंत हें वेळापत्रक विकणाऱ्या कंपन्या होत्या. हौशी मंडळी आरंभीं त्यांचीं पानें संगणकाकडून वाचवून घेत, आणि पानाची ठेवण बदलली कीं सारें कोसळे. २००४ सालीं झॅपटूइट ह्या संस्थेनें खासगी उपयोगासाठीं हीं वेळापत्रकें नीट मांडून फुकट देण्यास सुरुवात केली. तीन वर्षें सुखांत गेलीं. २००७ च्या जूनमध्यें तिनें जाहीर केलें कीं, १ सप्टेंबरपासून ही सोय बंद. ज्यांनीं वर्गणीचा जाच चुकविण्यासाठीं पेटी बांधली, त्यांच्या पेट्या एका तारखेला आंधळ्या होणार असें दिसूं लागलें. तेव्हां मिथटीव्ही व तत्सम सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनीं शेड्यूल्स डायरेक्ट ही नफा न करणारी संस्था काढली, वेळापत्रकाचा घाऊक सौदा केला, आणि तेंच सभासदांस अल्प वर्गणीवर दिलें. वर्गणी शेवटीं आलीच. पण ती ज्यांनीं ठरविली ते त्यांच्यापैकींच होते.

ह्याच सुमारास हें सगळें बांधकामच बेकायदा होण्याची पाळी येऊन गेली होती. अमेरिकेंत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालें, त्याचें चित्र अधिक रेखीव व टिपलें तर मूळ चित्राच्या बरोबरीचें. चित्रपटसंस्थांना धास्ती वाटली कीं, हीं निर्दोष चित्रें जगभर फुकट पसरतील. आणि ही धास्ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या आग्रहावरून तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें ४ नोव्हेंबर २००३ रोजीं एक नियम केला. कार्यक्रमाबरोबर एक अदृश्य खूण पाठवावयाची. तिला ब्रॉडकास्ट फ्लॅग म्हणत. १ जुलै २००५ नंतर बनविलेल्या प्रत्येक डिजिटल ग्राहकयंत्रानें ती खूण ओळखून कार्यक्रमाच्या नकला अडविल्या पाहिजेत, आणि मालकाला ती व्यवस्था बदलतां येऊं नये, असें बंधन. वरवर पाहतां नियम कारखानदारांपुरता. पण खुल्या लिखाणाचा सगळा अर्थ तें मालकाला बदलतां यावें हाच असल्यामुळें त्या तारखेनंतर लिनक्सवर चालणारें एकहि खुलें कार्ड बनवितां आलें नसतें. पीसीएचडीटीव्ही ह्या छोट्या कंपनीचीं तशीं कार्डें बाजारांत होतीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेनें लोकांस सांगितलें कीं, मुदतीपूर्वीं कार्डें घेऊन ठेवा, पेट्या बांधून घ्या; आणि बांधण्याच्या बैठकाहि भरविल्या. दुष्काळापूर्वीं धान्याचीं पेवें भरावीं तसा तो प्रकार होता.

नियमाविरुद्ध न्यायालयांत गेलेल्या संस्थांत पहिलें नांव होतें अमेरिकन ग्रंथालय संघाचें. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें प्रथम विचारलें कीं, ह्या नियमानें तुमचें नुकसान तें काय? तेव्हां नॉर्थ कॅरोलिनांतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दाखला पुढें आला: दूरस्थ विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं कार्यक्रमांतले उतारे पाठविण्याचें काम ह्या नियमानें अडलें असतें. मुख्य मुद्दा मात्र साधा होता. कमिशनचा अधिकार प्रक्षेपणावर. चित्र घरांत येऊन पोंचल्यावर घरांतल्या यंत्रानें त्याचें काय करावें हें सांगण्याचा अधिकार त्याला कायद्यानें कोठें दिला आहे? सुनावणींत न्यायमूर्ति हॅरी एडवर्ड्स ह्यांनीं सरकारी वकिलाला विचारलें कीं, पुढची पाळी कपडे धुण्याच्या यंत्रांची काय? ६ मे २००५ रोजीं, मुदतीला दोन महिनेहि उरले नसतां, तिन्ही न्यायाधीशांनीं एकमतानें नियम रद्द केला. १९८४ सालीं एका मतानें वांचलेला हक्क ह्या वेळीं एकमतानें वांचला. परंतु ह्या वेळीं प्रश्न कॉपीराइटचा नव्हता, सरकारच्या अधिकारमर्यादेचा होता, हा भेद विसरतां कामा नये.

कारण जें कायद्यानें साधलें नाहीं तें कुलपानें साधलें. मे २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटरनें एनबीसी वाहिनीचे कांहीं कार्यक्रम टिपण्याचें साफ नाकारलें. चौकशीअंतीं कंपनीनें कबूल केलें कीं, त्यांचें सॉफ्टवेअर ती खूण मानतें. म्हणजे रद्द झालेला नियम कोणी न सांगतां पाळला जात होता! केबल कंपन्यांनीं आपलीं चित्रें सांकेतिक कुलपांत घातलीं, आणि १९९८ च्या एका कायद्याप्रमाणें असें कुलूप फोडणें हाच गुन्हा. साध्या स्थानिक वाहिन्यांना कुलूप लावण्याची केबलवाल्यांना बंदी होती, ती कमिशननें २०१२ सालीं उठविली. हौशी मंडळींनीं त्यावरहि पळवाट शोधली. केबलच्या पेटीतून टीव्हीकडे जाणाऱ्या अनॅलॉग तारांना कुलूप नसे. हौप्पॉजच्या २००८ च्या एका यंत्रानें त्या तारांवरून उच्च दर्जाचें चित्र पुनः टिपतां येऊं लागलें. कुलपांतून सुटलेलें चित्र पुनः दाबावयाचें म्हणजे दुधाची तहान ताकावर. पण ताक कांहीं वाईट नव्हतें.

पुढें प्रेक्षकच निराळ्या वाटेला लागले. नेटफ्लिक्सनें २००७ सालीं इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला, आणि पाहिजे तेव्हां पाहण्याची सोय कांहींहि न टिपतां मिळूं लागली. मायक्रोसॉफ्टनें २०१५ च्या विंडोजमधून मीडिया सेंटर काढून टाकलें. ब्रॉडकास्ट फ्लॅगचा मृत नियम कमिशनच्या पुस्तकांतून खोडला गेला तो २०११ सालीं, रद्द होऊन सहा वर्षें लोटल्यावर. इंटरनेटवरच्या चित्रपटांचें घड्याळ प्रेक्षकाच्या हातीं आलें खरें. परंतु कपाटाची किल्ली परत दाखविणाराकडे गेली, आणि करार संपला कीं कालचा चित्रपट आज यादींतून नाहींसा होऊं लागला. गच्चीवरच्या अँटेनावर येणारें अमेरिकन डिजिटल चित्र बहुतांशीं अजून कुलपाविना येतें. सेकंदाला १९ मेगाबिटच्या त्या प्रवाहांतून कार्यक्रम तासाला फार तर पावणेनऊ गिगाबाइट ह्या मापानें डिस्कवर उतरतो, व मालक पुसून टाकीपर्यंत तेथें राहतो. मिथटीव्हीची नवी आवृत्ति २०२४ सालींहि निघाली.